एक गाव, दोन सभागृहं: फिनलंडचं रक्षक दल कॉफीच्या किटलीवर कसं उभं राहिलं

फिनलंडच्या मध्यभागी, तळ्यांच्या आणि सूचिपर्णी जंगलांच्या प्रदेशात युवॅस्क्युला नावाचं गाव आहे. 1837 साली वसलेलं, पुढे शाळा-शिक्षकांचं गाव म्हणून नावारूपाला आलेलं. फिनिश भाषेतून शिकवणारी देशातली पहिली माध्यमिक शाळा 1858 साली इथेच निघाली आणि शिक्षक घडवणारं पहिलं फिनिश अध्यापक विद्यालय 1863 साली इथेच. या गावात 1925 साली कामगार संघटनेचं सभागृह बांधून झालं. चार वर्षांनी, 1929 साली, रक्षक दलाची इमारत उभी राहिली. दोन्हींचा वास्तुरचनाकार एकच: आल्व्हार आल्टो. ज्यांना जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी पुढे मान देणार होते ते आल्टो, पण त्या वेळी गावातल्या छोट्या कचेरीत कामं शोधणारा विशी-तिशीतला तरुण.

दोन्ही इमारती काही वर्षांच्या अंतराने, एकाच माणसाच्या हातून झाल्या. तरी एका इमारतीत जाणारी माणसं सहसा दुसरीची पायरी चढत नसत. असं का, हे समजलं की दोन महायुद्धांच्या मधला फिनलंड बराचसा समजतो. आणि आणखी एक गोष्ट समजते: निमलष्करी संघटना बंदुकीवर चालत नाही. ती चालते ती सभागृह, स्वयंपाकघर, नाटकाचा पडदा आणि महिन्याच्या हिशेबाच्या वहीवर. हा लेख मुख्यतः त्या वहीबद्दल आहे.

आधी भांडण काय होतं

1917 सालच्या डिसेंबरात फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला. तोवर शंभराहून जास्त वर्षं तो झारच्या साम्राज्यातला एक स्वायत्त भाग होता. फिनलंडचं स्वतःचं सैन्य त्या घडीला नव्हतं, रशियन पोलीस-व्यवस्था कोसळलेली होती आणि अन्नधान्याची टंचाई होती. अशा पोकळीत गावोगाव दोन प्रकारची पथकं निघाली. शेतकरी, दुकानदार, शिक्षक, अधिकारी यांची एक. कामगार आणि कुळांची दुसरी. पहिली बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या नावाखाली जमली, कारण आग विझवायला माणसं गोळा करण्यावर कुणी संशय घेत नाही. फिनिश भाषेत त्यांना सुओयेलुस्कुंता म्हणत. मराठीत ‘रक्षक दल’ हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. दुसरी पथकं म्हणजे लाल रक्षक.

जानेवारी 1918 च्या अखेरीला दोघांत यादवी पेटली आणि मे महिन्यात संपली. ‘पांढरी’ बाजू जिंकली. तिचे सेनापती होते मानरहाइम आणि तिच्या फौजेचा मोठा हिस्सा या रक्षक दलांतून आला होता. तीस-एकतीस लाखांच्या देशात 36 हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतली मोठी संख्या रणांगणावर मेली नाही. गोळ्या घालून मारलेल्यांची आणि युद्ध संपल्यावर कैद्यांच्या छावण्यांत उपासमारीने, रोगाने गेलेल्यांची ती संख्या आहे. छावण्यांत मेलेले एकटे बारा हजारांच्या वर आणि बहुतेक सगळे हरलेल्या बाजूचे.

हा आकडा लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. नाही तर दोन सभागृहांची गोष्ट शेजाऱ्यांच्या रुसव्यासारखी वाटेल. ज्या गावात एका घरातला मुलगा छावणीत मेला आणि त्याला पकडून नेणारा माणूस पुढच्या गल्लीत राहतो, त्या गावात ‘एकच सार्वजनिक हॉल बांधू’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार?

म्हणून सगळंच दुहेरी झालं. सहकारी दुकानांची फूट 1916-17 मध्येच पडली होती. 1919 साली कामगारांनी स्वतःचा क्रीडा महासंघ काढला. एकाच गावात दोन क्रीडा मंडळं, दोन गायनवृंद, पुष्कळ ठिकाणी दोन नाटक मंडळ्या. आपल्याकडे एका गावात दोन तालमी असतात तसं. फक्त इथे प्रत्येक तालमीमागे ताजी थडगी होती.

आल्टो स्वतः यादवीत पांढऱ्या बाजूने लढले होते, ताम्पेरेच्या लढाईत. तरी सहा-सात वर्षांत युवॅस्क्युलाच्या कामगारांनी आपली इमारत त्यांच्याकडूनच करून घेतली. याचा फार मोठा अर्थ लावू नये. गावात चांगला वास्तुरचनाकार हवा होता आणि तो होता. पण अर्थ अगदीच नाही असंही नाही. व्यवहाराच्या पातळीवर माणसं एकमेकांकडे यायला लागली होती, मनाने यायला अजून पंधरा वर्षं जायची होती.

रक्षक दल म्हणजे नेमकं काय

यादवीनंतर दल विसर्जित झालं नाही. ऑगस्ट 1918 मध्ये सरकारी फर्मानाने त्याला अधिकृत दर्जा मिळाला आणि 1927 साली स्वतंत्र कायदा झाला. ते सैन्य नव्हतं, पण सैन्याला जोडलेलं होतं. सर्वोच्च प्रमुख राष्ट्राध्यक्ष, त्यांच्या खाली दलाचा सेनापती (1921 पासून शेवटपर्यंत लाउरी माल्मबेर्ग), त्यांच्या खाली जिल्हे आणि जिल्ह्यांत गावोगावची स्थानिक दलं. सभासद एक लाखाच्या आसपास. सभासदत्व ऐच्छिक, पण दोन माणसांची शिफारस लागे, अशा थाटाची निवड होती आणि डाव्या विचारांच्या माणसाला दार प्रत्यक्षात बंदच होतं.

पैशाची बाजू अशी. शस्त्रं, वरिष्ठ कचेऱ्या, पगारी अधिकारी यांचा खर्च सरकारी अनुदानातून. स्थानिक पातळीवर मात्र गाव आणि दल यांनी बघायचं. राखाडी लोकरी गणवेश बहुतेकांनी पदरचे पैसे घालून शिवला. जागा, जळण, दिवाबत्ती, वाद्यं, खेळाचं सामान, बक्षिसं, बाहेरगावच्या स्पर्धांना जायचं भाडं हे सगळं स्थानिक. सुरुवातीला शाळेचा वर्ग, अग्निशमन दलाची शेड, युवक मंडळाचं घर भाड्याने घेऊन चाललं. पण भाड्याच्या जागेत तीन अडचणी येत. बंदुका ठेवायला पक्की खोली नाही. हिवाळ्यात सहा महिने बाहेर अंधार आणि बर्फ, तेव्हा कवायतीला छप्पर नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कार्यक्रम करून पैसे उभे करायचे, तर अर्धी कमाई भाड्यातच जाते. स्वतःचं घर बांधायचं ते मुख्यतः या तिसऱ्या कारणासाठी.

घराचे भाग

अशा घराचा आराखडा गावागणिक वेगळा. युवॅस्क्युलासारख्या ठिकाणी रस्त्यालगत शहरी इमारत, खेड्यात लाकडी बैठं घर. पण आत काय हवं, ते जवळपास ठरलेलं.

मधोमध मोठं दालन, खांबांशिवायचं. खांब आले की कवायतीची ओळ मोडते, नाच अडतो आणि मागच्यांना रंगमंच दिसत नाही. म्हणून छताला लाकडी कैच्या टाकून आडवा पल्ला मोकळा ठेवायचा. दालनाच्या एका टोकाला रंगमंच, दुसऱ्या टोकाला प्रवेश आणि कोट ठेवायची खोली. ही कोटाची खोली किरकोळ वाटते, पण उत्तरेत ती चुकली की कार्यक्रम फसतो. दोनशे माणसं बर्फातून आली की दोनशे ओले लोकरी कोट येतात. ते दालनात नेऊ दिले तर तासाभरात भिंतींना घाम सुटतो, खिडक्यांवर बर्फाची साय धरते आणि जमीन निसरडी होते. खोली दाराजवळ, रुंद खिडकीची, बिल्ले दिलेली हवी. बिल्ल्याचे किरकोळ पैसे घेत, तीही कमाईच.

जमिनीचा प्रश्न अवघड. लाकडी फळ्यांची जमीन नाचाला गुळगुळीत हवी, तर कवायतीला खडबडीत. बुटांच्या खिळ्यांनी फळ्या ओरबाडल्या की नाचायला येणारे कुरकुरतात. नाचासाठी मेण लावलं की दुसऱ्या दिवशी व्यायामाला आलेली मुलं घसरतात. बाकं सुटी ठेवायची म्हणजे एकाच दिवशी सकाळी व्यायाम, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी नाटक आणि रात्री नाच जमतो. भिंतीला जाळीसारख्या लाकडी दांड्यांच्या शिड्या ठोकलेल्या असत, व्यायामासाठी. त्या रंगमंचाच्या जवळ नकोत, प्रेक्षकांची पोरं नाटक सोडून त्यांवर चढतात.

शस्त्रांची खोली हा भाग बाहेरून कुणाला दिसत नाही, पण बांधणाऱ्याची परीक्षा तिथे असते. दाराला लोखंड, खिडकी नाही किंवा गजांची, आणि स्वयंपाकघराच्या चुलीपासून दूर. काडतुसं बंदुकांपासून वेगळी. पण खरा शत्रू चोर नव्हे, ओल. उणे वीस अंशांतून आलेली रायफल थेट गरम दालनात आणली की थंड पोलादावर हवेतली वाफ दवासारखी जमते, नळीच्या आतसुद्धा. वरून पुसली तरी आतला थेंब राहतो आणि दोन दिवसांत गंजाचा तांबूस पट्टा उमटतो. उपाय दोन. एक तर शस्त्रं गरम न केलेल्या खोलीतच ठेवायची आणि थंडच्या थंड परत ठेवायची. नाही तर आत आणल्यावर घाई न करता तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मग नळी कोरड्या चिंधीने पुसून पातळ तेल द्यायचं. तेल जाड झालं तर पुढच्या गारठ्यात खटका जड होतो. कचेरीला लागून असलेल्या उबदार खोलीत बंदुका ठेवायचा मोह सगळ्यांना होई, आणि तेच चुकत असे.

रायफली मूळच्या रशियन नमुन्याच्या, 7.62 मिलिमीटरच्या. दलाने 1921 साली स्वतःची शस्त्र-कार्यशाळा काढली, तीच पुढे साको नावाने प्रसिद्ध झाली. जुन्या बंदुकांना नव्या नळ्या आणि नेमबाजीची चांगली माशी बसवून दलाने आपला नमुना तयार केला. माशीच्या दोन्ही बाजूंना उभी पाती होती. सैनिकांना ती टोकदार कानांच्या स्थानिक शिकारी कुत्र्याच्या कानांसारखी दिसली, म्हणून रायफलीचं नाव पडलं ‘पुस्त्युकोर्वा’, म्हणजे उभ्या कानांची. युवॅस्क्युलाचा या धंद्याशी जवळचा संबंध होता. गावच्या तोउरुला भागात सरकारी रायफल कारखाना होता आणि उत्तरेला जवळच तिक्काकोस्कीचा कारखाना, जिथे पुढे फिनलंडची प्रसिद्ध सुओमी सबमशीनगन बनली. म्हणजे एका बाजूला कामगारांचं सभागृह, दुसऱ्या बाजूला रक्षक दलाचं आणि मधे बंदुका बनवणारा कामगार. गावाची घडण अशी गुंतागुंतीची होती.

याशिवाय प्रमुखाची कचेरी, दोन-तीन बैठकीच्या खोल्या, राखणदाराचं बिऱ्हाड. राखणदार कुटुंब इमारतीतच राही, कारण पहाटे कुणीतरी शेगड्या पेटवायला हव्यात. उंच दालन लाकडाच्या शेगडीने तापायला तीन-चार तास घेतं. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम असेल तर दुपारी दोनला जाळ लागला पाहिजे. नवख्या मंडळांच्या अंदाजपत्रकात बांधकामाचा खर्च नीट मांडलेला असतो आणि जळणाचा विसरलेला असतो. दरवर्षी येणारा तो खर्च घराला कर्जापेक्षा जास्त छळतो.

चलच्चित्रं दाखवायची तर प्रक्षेपकाची वेगळी बंद खोली लागे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. त्यामुळे खोलीला न जळणारं अस्तर आणि बाहेर पडायचं वेगळं दार हवं.

आता स्वयंपाकघर.

लोट्टा आणि किटली

1921 साली स्त्रियांची वेगळी संघटना रीतसर उभी राहिली: लोट्टा स्वॅर्ड. नाव रुनेबेर्ग या कवीच्या काव्यातल्या पात्राचं. नवरा लढाईत पडल्यावरही फौजेबरोबर राहून सैनिकांना खाऊपिऊ घालणारी ती बाई. संघटनेतल्या स्त्रियांना लोट्टा म्हणत. राखाडी पोशाख, पांढरी कॉलर, पांढऱ्या मनगटपट्ट्या. हत्यार धरायचं नाही, हा नियम. कामाचे चार विभाग: शुश्रूषा, भोजन, कपडे-सामान आणि निधी-कचेरी. 1929 पासून अध्यक्ष होत्या फान्नी लूक्कोनेन, पेशाने शिक्षिका. 1944 पर्यंत लहान मुली धरून सभासद दोन लाखांच्या वर गेल्या.

त्यांच्या बिल्ल्यावर निळं स्वस्तिक होतं, आणि ते पाहून आजचा वाचक दचकतो. हे चिन्ह नाझी पक्षाकडून घेतलेलं नाही. 1918 साली एका स्वीडिश सरदाराने फिनलंडला विमान भेट दिलं, त्यावर त्याचं शुभचिन्ह म्हणून निळं स्वस्तिक रंगवलेलं होतं. तेच फिनिश हवाई दलाचं चिन्ह झालं आणि देशात रुळलं.

आता त्या काळाची एक गोष्ट ध्यानात घ्या. जून 1919 ते एप्रिल 1932 फिनलंडमध्ये दारूबंदी होती. म्हणजे सभागृहात विकायला दारू नाही. चोरटा स्पिरिट दाराबाहेर फिरे, त्यावरून नाचाच्या रात्री मारामाऱ्याही होत. पण मंडळाच्या गल्ल्यात येणारा पैसा कॉफीचा आणि सोबतच्या वेलची घातलेल्या गोड पावाचा. हो, वेलचीच. उत्तर युरोपात ती पावाच्या कणकेत घालतात, आणि कॉफीबरोबर तो पाव नसेल तर फिनिश माणसाला कॉफी प्यायल्यासारखं वाटत नाही.

कॉफी गाळणीची नव्हे, उकळीची. मोठ्या तांब्याच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात पाणी उकळायचं, उतरवून भरड दळलेली कॉफी टाकायची, पुन्हा एकदा उकळी वर येऊ द्यायची आणि लगेच बाजूला ठेवायची. दहा मिनिटं हलवायचं नाही, चोथा तळाशी बसतो. प्रमाण लिटरला साधारण 60 ग्रॅम. दोनशे कप म्हणजे कपाला दीड डेसिलिटर धरून 30 लिटर, म्हणजे पावणेदोन ते दोन किलो कॉफी. चुकतं कुठे? कॉफी बारीक दळली तर चोथा बसतच नाही. भांडं चुलीवरच ठेवलं तर ती कडवट होते. आणि मध्यंतर वीस मिनिटांचं असेल तर एका खिडकीतून दोनशे कप जाणं शक्य नाही. दोन खिडक्या हव्यात, कप आधी ओळीने मांडलेले हवेत आणि पैसे घेणारी बाई ओतणाऱ्या बाईपेक्षा वेगळी हवी. ज्या घरात स्वयंपाकघराला दालनाकडे एकच अरुंद दार ठेवलं, तिथे दर कार्यक्रमाला कॉफी उरते आणि पैसे बुडतात. वास्तुरचनाकार रंगमंचाच्या कमानीवर जितका विचार करतो तितका या खिडकीवर करत नाही, हे दुर्दैव.

कवायतीच्या दिवशी वाटाण्याचं सूप. सुके वाटाणे रात्रभर, बारा तास भिजवायचे. शंभर जणांना अर्धा लिटर धरून 50 लिटरचं भांडं. वाटाणे आठ ते दहा किलो, खारवलेलं डुकराचं मांस पाच किलोच्या आसपास, कांदा, वरून मोहरीची चटणी. मीठ शेवटी, कारण मांसातही मीठ असतंच. तळाला लागू नये म्हणून सतत ढवळणारी एक बाई लागतेच. एवढ्या मोठ्या भांड्यात एकदा तळ करपला की वास सगळ्या सुपाला लागतो, त्यावर उपाय नाही. गावात शंभर माणसांचा स्वयंपाक करायला शिकलेल्या याच बायकांनी 1939 च्या शरदात, राखीव सैनिक बोलावले गेले तेव्हा, हजारोंची जेवणं सांभाळली. रक्षक दलाच्या कवायतींनी युद्धाची तयारी केली असं म्हणतात. त्या सुपाच्या भांड्यांनी तितकीच केली, असं आमचं ठाम मत आहे.

एका संध्याकाळचा कार्यक्रम

अशा संध्याकाळींना ‘इल्तामात’ म्हणत. रक्षक दलाच्या आणि कामगारांच्या इल्तामातचा साचा चमत्कारिकरीत्या सारखा. आरंभी समूहगीत, मग स्वागताचं भाषण, मग वाद्यवृंद. फिनलंडची खासियत म्हणजे सात पितळी वाद्यांचा संच: तीन कॉर्नेट, आल्टो हॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन आणि ट्यूबा. सात माणसं पुरतात, म्हणून लहान गावालाही परवडतो. पण संख्या कमी म्हणजे एक जण आजारी पडला तरी भगदाड दिसतं. पुढे कवितावाचन, व्यायामाची प्रात्यक्षिकं, एकांकिका, मध्यंतरात कॉफी, भेटवस्तूंची सोडत आणि शेवटी नाच. भेटवस्तू लोट्टांनी शिवणमंडळात बसून विणलेल्या: मोजे, हातमोजे, टेबलावरची कापडं. कच्चा माल दान, मजुरी फुकट, त्यामुळे सोडतीतला जवळपास सगळा पैसा नफा. नाच शेवटी ठेवायचा, कारण आधी ठेवला तर भाषणाला कुणी उरत नाही.

फरक शब्दांत आणि गाण्यांत. एकीकडे मातृभूमी, धर्म, 1918 चा विजय. 16 मे, मानरहाइमच्या विजयी संचलनाचा दिवस, रक्षक दलाचा सण. दुसरीकडे 1 मे, लाल झेंडा आणि ज्यांची थडगी कुठे आहेत हेही सांगता येत नव्हतं त्यांची आठवण. गाव एकच, पण मे महिन्यात त्याचे दोन सण दोन आठवड्यांच्या अंतराने एकमेकांकडे पाठ करून साजरे होत.

खेळही याच घरांतून वाढले. रक्षक दलाच्या क्रीडाविभागाशी निगडित असलेले लाउरी ‘ताह्को’ पिह्काला यांनी बेसबॉल आणि जुने फिनिश चेंडूफळीचे खेळ यांतून ‘पेसॅपॅल्लो’ घडवला. चेंडू समोरून न फेकता फलंदाजाच्या शेजारून सरळ वर उडवायचा. मग मारायचा, पळायचं, दडायचं, नेमकं फेकायचं. लष्करी उपयोग डोळ्यांसमोर ठेवून बसवलेला खेळ आज फिनलंडचा राष्ट्रीय खेळ समजला जातो, आणि तो खेळणाऱ्या शाळकरी मुलींना त्याच्या उगमाची कल्पनाही नसते.

युवॅस्क्युलाच्या कामगार सभागृहाकडे एकदा नीट पाहावं. तळमजल्यावर ठेंगण्या, जाडजूड डोरिक खांबांच्या मधे काचा, आत कॉफीगृह. वर जवळपास बिनखिडक्यांची सपाट भिंत, तिच्यात मधोमध नव्हे तर एका बाजूला सरकवलेली कमानीची एकच देखणी खिडकी. वरच्या त्या बंद पेटीत नाट्यगृह. प्रेक्षागृहाची मागची भिंत गोलाकार, ती बाहेरच्या दालनात पोट काढून येते. आल्टो 1924 साली लग्नानंतर आइनोंबरोबर इटलीला जाऊन आले होते, तो प्रवास या भिंतींत उतरलेला आहे. पण विचार व्यवहाराचा आहे. जे पैसे मिळवतं ते कॉफीगृह रस्त्यावर, काचेआड, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. ज्याला अंधार आणि शांतता हवी ते नाट्यगृह वर. गिरणीत, कारखान्यात राबणाऱ्या माणसाला व्हेनिसमधल्या राजवाड्याची आठवण करून देणारं घर मिळालं, यात त्या संघटनेचा स्वाभिमानही होता.

बिघडलं ते इथे

सभागृह आणि शस्त्रागार एका छपराखाली असण्याचा धोका 1930 नंतर उघड झाला. ऑस्ट्रोबॉथ्निया प्रांतातल्या लापुआ गावात 1929 च्या नोव्हेंबरात कम्युनिस्टांविरुद्ध चळवळ पेटली. जुलै 1930 मध्ये सुमारे बारा हजार शेतकऱ्यांनी हेलसिंकीवर मोर्चा नेला. त्याच वर्षी कम्युनिस्ट संघटनांवर बंदीचे कायदे आले आणि त्यांच्या हातात असलेल्या पुष्कळ कामगार सभागृहांना टाळं लागलं. टाळं लागलं म्हणजे नुसत्या सभा थांबल्या नाहीत. नाटक, वाचनालय, पोरांचा व्यायाम, सोडत, कॉफी, सगळंच थांबलं. कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

27 फेब्रुवारी 1932 रोजी मँत्सॅला भागात एका सोशल डेमोक्रॅट (म्हणजे नेमस्त डाव्या) नेत्याची सभा कामगारांच्या घरात होती. रक्षक दलाच्या शेकडो सशस्त्र माणसांनी ती उधळली आणि घरी न जाता तिथेच ठाण मांडलं. बघता बघता ते बंड झालं. सेनापती माल्मबेर्ग सरकारशी एकनिष्ठ राहिले. 2 मार्चला राष्ट्राध्यक्ष स्विनहुव्हुद रेडिओवर बोलले: माणसांनी घरी जावं, साध्या माणसांना शिक्षा होणार नाही. काही दिवसांत बंड विरलं. पुढाऱ्यांना अटक झाली, लापुआ चळवळीवर बंदी आली.

हे घडू शकलं याचं कारण संघटनेच्या रचनेत होतं. ज्या माणसाकडे रायफल आहे, तोच शेजाऱ्यांबरोबर दर आठवड्याला कॉफी पितो, एकाच गायनवृंदात गातो. तो हुकूम कुणाचा मानणार? हेलसिंकीतल्या सेनापतीचा की टेबलावरच्या मित्रांचा? ज्या ओलाव्याने संघटना टिकते, त्याच ओलाव्याने तिची शिस्त गंजू शकते. बहुसंख्य सभासद मार्च 1932 मध्ये घरीच राहिले, हे दलाच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. पण कामगारांच्या मनातला संशय त्या एका आठवड्याने आणखी काही वर्षं जिवंत ठेवला.

त्याआधी समेटाची एक खूण पडून गेली होती. 1927 साली सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान व्हॅइनो तान्नेर यांनी, राष्ट्राध्यक्ष आजारी असल्याने त्यांच्या जागी, 16 मेच्या संचलनात रक्षक दलाची मानवंदना स्वीकारली. दोन्ही बाजूंच्या कडव्यांना ते झोंबलं. आमच्या मते त्या दशकातलं ते सगळ्यात धैर्याचं उभं राहणं होतं.

खरा बदल संकटाने घडवला. 30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत फौजा आत आल्या. जानेवारी 1940 मध्ये मालक आणि कामगार संघटनांनी एकमेकांना वाटाघाटीचा पक्ष म्हणून मान्यता दिली. फेब्रुवारीत सोशल डेमोक्रॅट आणि रक्षक दल यांच्यात समझोता होऊन कामगारांना दलाचं दार उघडलं. त्याच वर्षी 16 मेचं विजयसंचलन बंद झालं. त्या जागी मे महिन्यातला एक रविवार पडलेल्यांच्या स्मृतीसाठी ठेवला गेला, दोन्ही बाजूंच्या.

शेवट आणि इमारतींचं पुढे काय

सप्टेंबर 1944 च्या युद्धविराम करारात सोव्हिएत बाजूने अशा संघटना बरखास्त करण्याची अट घातली. नोव्हेंबर 1944 मध्ये रक्षक दल आणि लोट्टा स्वॅर्ड दोन्ही विसर्जित झाल्या. बरखास्तीची चाहूल लागताच मालमत्ता वाचवण्याची धावपळ झाली. साको कार्यशाळा रेड क्रॉसकडे गेली. गावोगावची घरं नगरपालिका, प्रतिष्ठानं, इतर मंडळं यांच्या नावावर झाली. लोट्टांचा निधी स्त्रियांच्या कल्याणासाठी काढलेल्या प्रतिष्ठानाकडे गेला. कागदपत्रं मात्र बरीच जळाली, लपवली गेली. त्यामुळे एखाद्या गावच्या घराचा हिशेब आज शोधायचा तर दलाच्या दप्तरापेक्षा नगरपालिकेच्या आणि बँकेच्या नोंदींत जास्त सापडतो.

घरं मात्र टिकली, कारण ती मुळात बंदुकीसाठी बांधलेली नव्हतीच. खांबांशिवायचं दालन, रंगमंच, मोठं स्वयंपाकघर यांचा उपयोग कुणालाही होतो. कुठे नाट्यगृह झालं, कुठे चित्रपटगृह, कुठे लग्नकार्याचा हॉल. शस्त्रांच्या खोलीत पडदे आणि नाटकाचं सामान गेलं.

प्रत्यक्ष पाहायचं तर युवॅस्क्युला हेलसिंकीपासून सुमारे 270 किलोमीटर. दोन्ही इमारती गावाच्या मध्यवस्तीत आहेत. कामगार सभागृहासमोर उभं राहून आधी खालच्या खांबांमधून आत पाहावं, मग नजर वर नेऊन ती बाजूला सरकलेली खिडकी. तिथून पश्चिमेला सेइनॅयोकीत रक्षक दलाचं आणखी एक घर आहे, 1920 च्या दशकातलं, तेही आल्टोंचंच. त्या वास्तुसमूहात आता रक्षक दल आणि लोट्टा यांचं संग्रहालय आहे. त्याच गावात पुढे त्यांनी चर्च, नगरपालिका भवन, ग्रंथालय आणि नाट्यगृह केलं. नाट्यगृह पूर्ण झालं 1987 साली, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. संग्रहालयात रायफली काचेआड आहेत, त्या भराभर बघून होतात. राखाडी पोशाखाजवळ जरा वेळ थांबावं, त्या पांढऱ्या मनगटपट्ट्यांपाशी. धुवायला सोप्या जाव्यात म्हणून त्या सुट्या शिवलेल्या असत.